आपल्या भाषेतली बाई

"या खोलीत जे बोललं जाईल, ते सगळं मी निरीक्षकांना सांगणार," दुभाषी बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या वतीनं बोलताना 'मी' असंच म्हणणार. इथला नियम आहे तसा."

"सांगा की, ताई," दाजी म्हणाले. परक्या मुलखात किती दिवसांनी कुणा अनोळखी माणसाच्या तोंडून आपली भाषा ऐकू आली होती! आदल्या दिवशी कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली एक कामगार चिरडून मेला होता, आणि तरीही त्या दोन वाक्यांनी दाजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. शेजारी बसलेल्या साहेबांना तो उतरताना दिसला, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

मालकांनी हा कारखाना विकत घेतला, तेव्हा साहेबांना पाठवताना एकच कानमंत्र दिला होता: कायदा तिथला असू दे, किल्ल्या घरच्या माणसाच्या कमरेला असू देत. म्हणून साहेबांनी बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना, फोरमन करून सोबत आणलं. मायदेशातल्या मूळच्या कारखान्यात दोघांनी असे अपघात पाहिले होते. तिथे निरीक्षक येण्याआधी सगळं आवरलेलं असे. निरीक्षक चहा घेई, हळहळे, आणि मेलेल्याच्या घरातलं कुणीतरी कामाला लागे. त्यात कुणाला पाप दिसत नसे. रक्त तसंच ठेवणं हीच उलट माणुसकीला सोडून असलेली गोष्ट. इथे मात्र निरीक्षक येईपर्यंत जागेवरची धूळसुद्धा हलवायची नसते.

निरीक्षकाने टेबलावरचं ध्वनिमुद्रण यंत्र सुरू केलं. मग शांतपणे प्रश्न विचारला. बाईंनी तो आपल्या भाषेत आणला.

"मशीन कुणी धुतलं? काढून ठेवलेली संरक्षक जाळी परत कुणी बसवली?"

"मीच."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

जाळी असली की हात अडखळतो, माल कमी निघतो, म्हणून ती महिनाभरापूर्वी साहेबांनीच काढायला लावली होती. आणि काल फोनवरही साहेबच म्हणाले होते, 'मी येईपर्यंत आवरून घ्या, दाजी. जाळी चढवून ठेवा.' म्हणताना त्यांचा आवाज कापलासुद्धा नव्हता. अंगवळणी पडलेलं वाक्य होतं ते.

"सांगायला कशाला लागतंय कुणी?" दाजी म्हणाले. "माझ्या मनानं केलं. माणूस गेला, त्याची बायको येणार. तिनं ते बघायचं का?"

साहेबांच्या छातीतलं काहीतरी सैल झालं आणि त्या सैल होण्याची त्यांना शिसारी आली.

निरीक्षक पुन्हा बोलला, आता थोडा अधिक वेळ. बाईंचा आवाज मात्र होता तसाच होता. "पुरावा नष्ट करणं हा इथे गुन्हा आहे. त्याला कैद होते. नीट आठवून सांगा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

कैद हा शब्द आपल्या भाषेत फार जड उतरला. दाजींनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मग त्यांनी साहेबांचा पांढराफटक चेहरा पाहिला, आणि त्यांच्यातला मेहुण्याला लहानपणापासून ओळखणारा माणूस पुढे झाला. ते साहेबांच्या कानाशी वाकले.

"घाबरू नको रे. तुझ्या फोनचं मी मरेपर्यंत बोलायचो नाही." आणि बाईंकडे वळून, ओशाळं हसत, "हे आमच्या घरातलं, ताई. एवढं राहू द्या."

साहेबांना ओरडून दाजींचं तोंड बंद करावंसं वाटलं. पण ते ओरडणंही आता या खोलीतलं बोलणं झालं असतं. त्यांनी फक्त बाईंकडे पाहिलं. आपल्याच मातीतला चेहरा होता. मावशीचा, शेजारणीचा असावा तसा. त्या चेहऱ्याकडे त्यांनी जन्मात कधी कुणाकडे मागितलं नव्हतं ते मागितलं.

बाई बोलू लागल्या. निरीक्षकाच्या भाषेत, पण दाजींच्याच हळव्या, दबलेल्या सुरात. 'मी' म्हणाल्या. 'तुझ्या फोनचं' म्हणाल्या. 'आमच्या घरातलं' हेही त्यांनी सोडलं नाही.

निरीक्षकाची खुर्ची दाजींकडून साहेबांकडे वळली. त्याने थेट साहेबांना काहीतरी विचारलं आणि हात पुढे केला. साहेबांनी खिशातला फोन काढून त्या हातावर ठेवला.

आपल्यावरची नजर हटलेली पाहून दाजींनी कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला.

"आपल्यातलं कुणी होतं म्हणून निभावलं, ताई," ते म्हणाले. "उपकार झाले तुमचे."

निरीक्षकाने मान वर केली. बाई क्षणभर टेबलाकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी तेही सांगितलं.