गच्चीवरचा स्वयंपाक

सोलर कुकरचं झाकण उचलून मृणालने डाळीचा दाणा चेपून पाहिला. मऊसूत शिजला होता. तिच्या कडेवरची चिमुकली लेक वाफेवर फुंकर मारत होती.

"पुन्हा मांडलंस हे?" जिना चढून आलेले सोसायटीचे सेक्रेटरी दाबकेकाका धापा टाकत म्हणाले. "गच्ची सगळ्यांची आहे. आजच्या आज उचल."

सिलिंडर महागल्यापासून मृणालच्या डब्यांच्या धंद्यात चार पैसे उरत होते, ते या कुकरमुळेच.

"उचलते की, काका," ती म्हणाली. "बाहेरची भिंतही सगळ्यांचीच ना? तिच्यावर टांगलेली तुमच्या एसीची धुडं कधी उतरवताय?"

काका चपापले. "अगं, ऊन केवढं असतं!"

"हो ना!" मृणालने तांदळाचं भांडं आत ठेवलं आणि कुकरचा आरसा सूर्याकडे वळवला.