दगडाच्या अलीकडे

आज दगड उचलायची पाळी सापवाल्यांवर आली होती, आणि सकाळपासून त्यांचं तोंड वाकडं होतं. एरवी रानात साप शोधताना हे काम बायकोचं. दगड नेहमी पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खालचा साप अंगावर न येता पलीकडे निघून जातो, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. ती उचलायची, ते समोर वाकून बघायचे. पण ती बाथरूममध्ये घसरली, हात प्लॅस्टरमध्ये गेला आणि कामांची अदलाबदल झाली.

ज्याच्यामागे ते उभा जन्म लागले होते, तो साप मातीत राहणारा, करंगळीएवढा. वर आलाच तर ओल्या दगडाखाली. सापवाल्यांनी तो फक्त बाटलीत पाहिला होता, औषधात बुडवलेला, मातकट. एकदा जिवंत बघायला मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते; रान आणखी किती झेपेल, याचा भरवसा नव्हता.

झाडाच्या बुंध्याशी असलेला एक मोठा दगड त्यांनी दोन्ही हातांनी कसाबसा उभा केला. बायको समोर वाकली ती वाकलेलीच राहिली.

“आहे,” ती हळूच म्हणाली.

सापवाल्यांनी दगडावरून डोकावायला मान लांब केली. पुढे वाकावं तर तोल जात होता. पाठीशी बुंधा, दोन्ही बाजूंना काटेरी जाळी, त्यामुळे दगड पुरता उलटायला जागा नाही. सोडला तर खाली चेंदामेंदा. कॅमेरा त्यांच्याच गळ्यात, आणि बायकोला तिथवर यायचं तर सापावरूनच यावं लागलं असतं. तो हातभर अंतरावर होता, आणि यांच्या नाकासमोर नुसतं शेवाळ.

“रंग सांग.”

“काळा. नाही, निळा. ऊन पडलं की निळा होतोय.”

निळा. बाटलीत हे कुठून दिसणार? क्षणभर त्यांच्या मनात आलं, द्यावा सोडून दगड. मेलेला का होईना, दिसेल तरी. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी दगड पोटाशी आणखी घट्ट धरला.

“आता काय करतोय? सांग ना.”

“नाही सांगत,” मातीवरची नजर न काढता ती म्हणाली. “इतकी वर्षं मी कुठे साप बघितला, अहो? दगड धरून तुमचंच तोंड बघत होते. आज तुम्ही माझं बघा.”

हात भरून आले होते. सापवाल्यांनी मान वर केली आणि ते बघत राहिले.