नेएमाचा फोन

फोन वाजला तशा सिस्टर युलालिया भरल्या ताटावरून उठल्या. "अगं, हातातला घास तरी खा," त्यांचा थोरला भाऊ इनास म्हणाला.

उभी हयात टांझानियातल्या एका खेड्यात बाळंतपणं करून त्या वसईला परतल्या होत्या. गुडघे साथ देईनात, म्हणून मदर सुपिरिअरनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. पण इथे त्यांचा जीव रमत नव्हता. तिथला दवाखाना त्यांनी शिकवलेल्या नेएमावर सोपवला होता, आणि अवघड बाळंतपण तिने एकटीने कधीच केलं नव्हतं.

फोन नेएमाचाच होता. "सिस्टर, पायाळू बाळ..."

"घाबरू नकोस! ओढू नकोस अजिबात, बाळाला आपणहून येऊ दे..." युलालिया भराभर सांगू लागल्या.

पलीकडे नेएमा हसली. "झालं सगळं, सिस्टर. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. विचारायला नाही, सांगायला फोन केला."

युलालियांनी फोन ठेवला. डोळे वाहत होते.

"वाईट बातमी आहे का?" इनासने घाबरून विचारलं.

"नाही रे. माझ्यावाचून त्यांचं अडू नये, हेच तर देवाकडे मागत होते. आता त्याने दिलं, तर मलाच सोसवत नाहीये."