तोंडी लावणं

"वहिनी, दह्यात मध कालवून चेहऱ्याला लाव. दादा बघतच राहील!" नणंदेने फोनवर छातीठोकपणे सांगितलं आणि तिने भाबडेपणाने ऐकलं. घरात होतं नव्हतं तेवढं दही कालवून तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत थापलं, आणि नेमका त्याच दिवशी नवरा लवकर घरी आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा हसणार, निदान दचकणार तरी!

तो हात धुऊन टेबलाशी बसला आणि मोबाईलमध्ये डोकं खुपसून म्हणाला, "वाढ पटकन."

तिने वाढलं आणि मुद्दाम त्याच्या समोर येऊन उभी राहिली. दह्याचा एक ओघळ हनुवटीवरून गाऊनवर टपकला.

"अहो, माझ्याकडे बघा ना जरा."

"बघितलं," मान वर न करता तो म्हणाला. "तोंडी लावायला काहीच नाही का? दही तरी दे."

ती त्याच्या टकलाकडे पाहत राहिली. मग आतून वाटी-चमचा घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभ्या उभ्याच गालांवरचं, कपाळावरचं सगळं निपटून वाटीत काढलं. वाटी त्याच्या ताटाशी सरकवली.

त्याने ती चाटूनपुसून साफ केली.

"झकास होतं. काय घातलं होतंस यात?"

"माझं तोंड."

"छान," स्क्रीनवर बोट फिरवत तो म्हणाला, "रोज घालत जा."