लोटा आणि दोन वांगी

"खऱ्या चित्रकाराला तहानभूक नसते," असं वामन मास्तरांनी जाहीर केलं आणि लगेच स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आज जेवणाला उशीर काहून?"

दारव्ह्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर आठवडाभर एका तैलचित्राला भिडले होते. पितळी लोटा आणि त्याला टेकलेली दोन वांगी, एवढंच चित्र. नवं राज्य झालं म्हणून नागपुरात भरणाऱ्या प्रदर्शनाला ते पाठवायचं होतं. पण लग्नाला बारा वर्षं होऊनही रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याच्या एकाही चित्राला बरं म्हटलेलं नव्हतं, आणि त्यांच्या एका शब्दावाचून मास्तरांचा हात सही करायला धजत नव्हता.

पदराला हात पुसत बाई आल्या. चित्रापुढे उभ्या राहिल्या, वाकल्या, आणखी जवळ गेल्या. मग डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला.

"ओळखलं," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी सहीसाठी कुंचला उचलला.

"आपल्याच बरणीतलं जवसाचं तेल आहे हे. सकाळपासून शोधून राह्यले मी. रंगात कालवून काही उरलं असेल, तर फोडणीपुरतं द्या."