अर्ध्यावरचा पोहरा

टँकरवाल्यानं पाइप विहिरीत सोडला आणि आजवर कधी न पळालेल्या बायाही पळाल्या. शांतम्माही पळाली. आज डोळे मिटायचे नाहीत, असं तिनं घरूनच ठरवलं होतं.

गावात ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. पाणी शेंदण्याआधी पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून प्रार्थना करायची, ही तिची जुनी रीत. ती प्रार्थना करायची आणि तोवर शमुवेल, तिचा नवरा, पोहरा वर काढायचा. "तू माग, मी वढतो," असं म्हणायचा तो. कामाची वाटणी ठरलेली होती. मागच्या उन्हाळ्यात शमुवेल गेला आणि दोन्ही कामं तिच्यावर पडली.

ती रीत सोडायला काही तयार नव्हती. परवा तिनं डोळे मिटले, उघडले, तेव्हा विहिरीत नुसता चिखल. बाया हसल्या. शेजारच्या कोंडाबाईनं तिला बाजूला घेऊन समजावलं, की बाई, घरून निघतानाच देवाचं उरकून येत जा. आमचे लोक सकाळी बुद्धवंदना म्हणतात नि मग कामाला लागतात, त्यात काय बिघडतं? शांतम्मा म्हणाली, घरी तर करतेच, पण पाण्यापाशी करायची ती येगळी. कोंडाबाईनं कपाळाला हात लावला.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले. पाणी मात्र दिवसाआड टँकरनंच. शांतम्माच्या घरात काल दुपारपासून थेंब नव्हता. रात्री तिनं कोरडी भाकर चावून चावून गिळली होती. आज चुकलं तर परवापर्यंत शेजाऱ्यांच्या दारात तांब्या घेऊन उभं राहायचं, आणि त्यांच्या तरी घरात कुठं होतं? म्हणून आज रीत गेली खड्ड्यात. देवाला राग आला तर येऊ दे.

तिनं कोपरानं वाट काढली, कठडा गाठला, पोहरा सोडला. पहिल्याच बुडीत भरला. तिला बरं वाटलं, अगदी लहान पोरीसारखं.

मग तिनं ओढायला घेतलं. अर्ध्यावर येईतो दंड थरथरू लागले. पोहरा वर येईना, खालीही सोडता येईना. सोडला असता तर दोरासकट गेला असता. तळवे सोलून निघत होते. तिनं इकडंतिकडं पाहिलं. जिच्या तिच्या दोन्ही हातात आपापला दोर. कोंडाबाईही दात आवळून ओढत होती. कुणाला दोष द्यायचा? इतक्या बाया खेटून उभ्या होत्या आणि शांतम्माला वाटलं, आपल्याइतकं एकटं या विहिरीवर कधी कुणी उभं राहिलं नसेल.

पदर खांद्यावरून घसरला होता. डोळे सताड उघडे, खालच्या काळ्या पाण्यावर. तशीच ती बोलली, चांगली मोठ्यानं.

"बापा, माज्यात बळ न्हाई. तूच वढ."

दोर काही आपसूक वर आला नाही. पण हातांची थरथर थांबली. तिनं वीतभर ओढला. थांबली. "तूच वढ." पुन्हा वीतभर. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं, त्याची शांतम्माला शुद्ध नव्हती. ना पदर सावरला, ना आमेन म्हटलं. मागायचं आणि ओढायचं असं वेगळं काही उरलंच नव्हतं. पोहरा कठड्याला लागला तेव्हा अर्धं पाणी हिंदकळून गेलेलं होतं, उरलेलं गढूळ. तिनं ते घागरीत ओतलं आणि मटकन खाली बसली.

कोंडाबाई आपली घागर भरून शेजारी टेकली. शांतम्माचे तळहात पाहून हळहळली.

"तुजा मालक असता तर दोन झटक्यात काढला असता गं."

शांतम्मानं ओला दोर गुंडाळायला घेतला.

"शेवटी शेवटी त्यांच्या दंडात काय उरलं व्हतं, कोंडाबाई? काडी झाल्ती. तरी वढायचे. मला वाटायचं, मागणारी मी एकलीच."

कोंडाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं हात देऊन शांतम्माला उठवलं, तिची घागर तिच्या कमरेवर ठेवून दिली आणि आपली घेऊन आपल्या वाटेनं गेली.

शांतम्मा घराकडं निघाली. सांगण्याजोगं एवढं मोठं काही तिला उभ्या जन्मात पहिल्यांदाच सापडलं होतं, आणि ते ज्याला सांगायचं, तोच घरी नव्हता.