काळं किंवा कोरं

जांभळा बाण. विंचवाची नांगी. उडत येणारं ‘धन्यवाद’. कोपऱ्यात हसणारी बाई.

सौरवादळांनी डिस्क पुसल्या जाऊ लागल्यापासून संगणकावरच्या जुन्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड यंत्राने दगडी फरश्यांवर कोरल्या जात. मधला करडा रंग नाही: टिंब पडलं तर काळं, नाहीतर कोरं. कोरून कोरून दमलेल्या ऋजुतासमोर आज तिच्या डॉक्टर आईची स्लाइड आली. यंत्राचा गडदपणा वाढवला की कोपऱ्यातल्या फोटोतला आईचा चेहरा उमटे, पण विंचूदंशाच्या औषधाचे आकडे काळ्यात बुडत. कमी केला की आकडे स्पष्ट होत आणि आई नाहीशी होई.

“काका, एक फरशी जास्त द्या ना.”

“माझी काय खाण आहे? स्लाइडला एकच,” फरश्या मोजून देणारे घाटगेकाका म्हणाले. मग हळूच, “दुसरा फोटो नाही, पोरी?”

“नाही.”

तिने डोळे चोळले आणि गडदपणा उतरवला. आकडे लख्ख उमटले.

फोटो काढला त्या दिवशी आईने पिवळी साडी नेसली होती.